साडेचार किलो पिसं

बारिलोचे, २९ मे १९८८

प्रिय आत्या,

सॉसेजचं पुडकं मिळालं. बसवाल्याने ते माझ्या हातात देताना इतक्यांदा वास घेतला की शेवटी एक त्याला देऊन टाकलं. उरलेल्यांचं काय झालं ते विचारू नकोस.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा सरळ सांगते. मला माझी रजई हवी आहे. तुझ्या खोलीतल्या पेटीत ठेवलेली, माझ्या लग्नासाठी भरलेली.

थांब, घंटा वाजवायला धावू नकोस. लग्न ठरलेलं नाही.

इथल्या गिर्यारोहण मंडळाच्या कचेरीत मी नऊ वर्षं टायपिंग करते आहे. डोंगरात कोणी हरवलं की शोधायला निघालेल्यांची यादी मी टाइप करते, थर्मासमध्ये कॉफी मी भरते, आणि ते गेले की खिडकीशी बसून नखं खाणारीही मीच. यंदा मी स्वतःच बचाव पथकासाठी अर्ज केला. वीस ऑगस्टपासून, ऐन हिवाळ्यात, परीक्षा आहे. सगळं सामान पाठीवर, आणि पाच मुक्काम बर्फावर. पास झाले तर पथकातली पहिली बाई मी.

पथकाचा प्रमुख लोइझे, स्लोव्हेनियातून लहानपणी आलेला, आता साठीचा. त्याने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "पाय आहेत, दिसतंय. डोकं आहे का ते बघू. आधी अंथरूण दाखव." सहा ऑगस्टला तो सगळ्यांच्या स्लीपिंग बॅगा तपासणार. बॅग नापास तर माणूस नापास. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, माझे पाय तयार आहेत, अंथरुणाचाच पत्ता नाही.

महिनाभर दुकानं पालथी घातली. एक बॅग आहे कृत्रिम धाग्यांनी भरलेली. ऊब देते, पण गुंडाळली तरी वासराएवढी. ती मी उचलली तर माझं जेवण दुसऱ्या कोणी उचलावं लागेल. दुसरी लष्करातली जुनी. तिच्यात आधी झोपून गेलेला शिपाई वासाने अजून हजर आहे. तिसरी परदेशी, हंसाच्या पोटाखालच्या मऊ पिसांची, दाबली तर पावाएवढी होते. तिची किंमत सांगायच्या आधी दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली. आणि तिच्यावर लिहिलेल्या 'उणे पंधरा'वर लोइझे हसला. म्हणाला, "हा आकडा म्हणजे तेवढ्या थंडीत माणूस मरत नाही. झोप लागते असं कुठे लिहिलंय? आणि बायकांनी तर त्यातले सात अंश सोडूनच द्यावेत."

मग एकदम तुझी पेटी डोळ्यांपुढे आली. अख्ख्या बारिलोचेत नसतील इतकी चांगली पिसं तिथे कुलपात पडली आहेत. मी छत्तीस वर्षांची आहे आत्या. नवरा यायचा तेव्हा येईल. थंडी येऊन बसली आहे.

तुझी,
अदेलिना


सान्ता मारिया, ९ जून १९८८

अदेलिना,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, आणि तेव्हा ते जास्त बरं वाटलं होतं.

रजई मिळणार नाही.

बापाच्या बहिणीने रजई द्यायची, लग्नाच्या सकाळी, चर्चला निघायच्या आधी. दिली की मुलीची, देईपर्यंत देणारीची. बिनलग्नाच्या बाईला लोकरीचं कांबळं. हे काय मी ठरवलं? आपली माणसं व्होल्गाकाठून निघाली तेव्हा भांडी मागे टाकली, गुरं मागे टाकली, एक अख्खी म्हातारी बंदरावर विसरून आले. पण हे विसरले नाहीत. या हातांनी मी एक्केचाळीस रजया भरल्यात. एकीने तरी सांगावं की बोहल्यावर चढण्याआधी तिची उसवली म्हणून.

आणि काय गं, पिसं कुलपात 'पडली आहेत'? ती सहा वर्षांची पिसं आहेत. दर उन्हाळ्यात हंस पिसं टाकायला लागले की एकेकाला मांडीवर घेऊन, त्याच्या चोचीचे चिमटे खात, फक्त पोटाखालचं कापसासारखं तेवढं वेचलेलं आहे. साडेचार किलो. दोघांच्या मापाची रजई आहे. बर्फात एकटीने लोळायला नाही.

तुला थंडी वाजते तर बर्फावर झोपायला जातेसच कशाला? हरवलेल्यांना शोधायला म्हणे. ज्याला घरी राहवत नाही तो हरवतो, आणि जिला बघवत नाही ती मागून जाते. तुझ्या बापाने, माझ्या बाल्तासारने, बाहिया ब्लान्काला बसून तुला कधी काही शिकवलं नाही, म्हणून हे मला लिहावं लागतं.

एलेउतेरिओची बायको जाऊन दोन वर्षं झाली. ट्रॅक्टर नवा आहे. दात थोडे आहेत, पण जे आहेत ते त्याचे आहेत. तू हो म्हण, आठवड्यात रजई तुझ्या दारात.

आत्या

ता. क. नुसत्या सॉसेजवर राहू नकोस, सोबत कोबी खा.


बारिलोचे, १७ जून १९८८

प्रिय आत्या,

एलेउतेरिओला माझा नमस्कार सांग आणि ट्रॅक्टरलाही.

मी रजईचं कापड मागतच नाही. खोळ तुझ्याकडेच राहू दे, तिच्यावरचं भरतकाम, माझ्या नावाचं अक्षर, शेजारी नवऱ्याच्या अक्षरासाठी सोडलेली ती भयाण मोकळी जागा, सगळं राहू दे. मला आतली पिसं हवीत. तीही सगळी नकोत, एक किलोच्या आसपास. उरलेल्या साडेतीन किलोंत तुझा एलेउतेरिओ आरामात मावेल, बारीकच आहे तो.

नवी पिसं मागितली असती, पण हे मलाही कळतं की भर थंडीत हंसाची पिसं काढली तर हंसालाच स्लीपिंग बॅग शिवावी लागेल. नोव्हेंबरच्या उन्हाळ्यापर्यंत मी थांबू शकत नाही. म्हणजे राहिली तुझी पेटी.

आत्या, गेल्या वर्षी दोन पोरं खिंडीत अडकली होती. पथक चार दिवसांनी परत आलं. त्यांच्या हातात काय होतं ते मी खिडकीतून पाहिलं आणि मग त्या दोघांची नावं टाइप केली. मला आता नावं टाइप करायची नाहीत. तू रागाव, शिव्या घाल, पण हे खेळ म्हणून चाललंय असं मनातही आणू नकोस.

तुझी,
अदेलिना


सान्ता मारिया, २६ जून १९८८

अदेलिना, पोरी,

बरं. खेळ नाही, कळलं.

पण पेटीची किल्ली सापडत नाहीये. मी सगळीकडे शोधली. पिठाच्या डब्यातसुद्धा. आणि सापडली तरी कुलूप गंजलंय. आणि उघडलं तरी आत कसर लागली असेल तर? पाद्रीबाबाही म्हणाले की लग्नाची वस्तू अशी उसवू नये. (मी सहज विचारलं. तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी ओळखलं.)

तेव्हा मी असं केलंय की तुझ्यासाठी नवी पिशवीच शिवते. रजई काय नि पिशवी काय, रजईची एक बाजू शिवली की झाली पिशवी. एक्केचाळीस रजया भरणारीला कोणी शिकवायला नको. गेल्या महिन्यात क्लोतिल्देने तीन हंस कापले. ती शेजारीण असली तरी पिसांचे पैसे घेईल असं वाटलं होतं, पण नुसत्या गप्पांवर भागलं. दीड तास गप्पा. पैसे परवडले असते.

तुझी उंची कळव. रुंदी मी गेल्या नाताळात पाहिली आहे.

आत्या


बारिलोचे, ८ जुलै १९८८

प्रिय आत्या,

पिशवी आली. माझं उत्तर जायच्या आधीच तू ती शिवून पाठवलीस, यावरून माझ्या उंचीला तुझ्या लेखी काय किंमत आहे ते कळलं.

आधी चांगलं सांगते. एकही टाका वाकडा नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड असं आहे की मी बर्फात मेले तर विमानातूनही दिसेन. उशीला लेस आहे. कडेला माझं अक्षर आहे, आणि शेजारी मोकळी जागा. रुंदी तर इतकी की दुसरं अक्षर आलं तर त्याचा भाऊही मावेल.

आता खरं. परवा थंडी उणे सहा होती, म्हणून गॅलरीत झोपून पाहिलं. आत शिरले आणि अंग हलवलं, तर सगळी पिसं उतारावरून निघाली ती थेट पायांपाशी जाऊन बसली. पोटऱ्यांना घाम आणि खांद्यांवर दोन कापडं. घरी आपण रोज सकाळी रजई झटकून पिसं सारखी करतो, पण बर्फात दर दहा मिनिटांनी उठून कोण झटकणार? शिवाय क्लोतिल्देचे हंस पंखांसकट भरलेत तू. टोचतं गं. एका कुशीवर वळले की दुसऱ्या कुशीला हंस आठवण करून देतो. आणि पार्सलमध्ये पुन्हा सॉसेज होते, त्यामुळे गल्लीतली तीन कुत्री गॅलरीखाली बसून होती, मी कधी शिजते याची वाट बघत.

तरी मी ती लोइझेला दाखवली, तुझे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून. त्याची रीत अशी, बॅग टेबलावर पसरायची आणि समोर कॉफी पीत बसायचं. कॉफी संपेपर्यंत ती किती फुगते ते पट्टीने मोजायचं. वीतभर फुगली तर पास. तुझी पिशवी चार बोटं फुगली. लेसची उशी मात्र त्याने दोनदा हातात घेतली.

त्याने मला चित्र काढून दिलं, ते सोबत आहे. नीट बघ. पिशवी आडव्या कप्प्यांची असते, म्हणजे पिसं आपापल्या घरात राहतात. पण वरून नुसती टीप मारून कप्पे करायचे नाहीत, कारण टिपेवर दोन्ही कापडं चिकटतात आणि तिथूनच गारवा आत येतो. आत मच्छरदाणीच्या कापडाच्या पट्ट्या उभ्या शिवायच्या, भिंतींसारख्या. खांद्याशी रुंद, पायांशी निमुळती, कारण रिकामी जागा तापवायचं काम शेवटी आपल्याच अंगाला करावं लागतं. डोक्याला टोपडं, गळ्याशी नाडी. आणि कापड छत्रीसारखं हलकं. ते कापड, पट्ट्या आणि चेनही याच पार्सलात टाकली आहे.

कारण मी येते आहे. वीस जुलैला बसने निघते. किल्ली शोधू नकोस, येताना कुलूपवाला घेऊन येईन, तुमच्या जवळच्या कर्नल सुआरेस शहरात एक आहे. पेटी उघडू, दोघी बसून एक किलो पिसं काढू, तिथेच शिवू आणि खोळ पुन्हा तशीच बंद करून ठेवू. कोणाला कळणारही नाही.

तुझी,
अदेलिना


सान्ता मारिया, १३ जुलै १९८८
(जलद टपाल)

अदेलिना,

येऊ नकोस. म्हणजे ये, घर तुझंच आहे, पण कुलूपवाला आणू नकोस. त्याची बायको क्लोतिल्देची मावसबहीण आहे.

पेटीत रजई नाही. पेटीत बटाटे आहेत.

किल्ली हरवलेली नाही, माझ्या गळ्यात आहे. कसर लागलेली नाही. पाद्रीबाबांना मी काही विचारलं नव्हतं. एवढं खोटं एकाच कागदावर मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि त्यावर तू पंखांची पिशवी मिळाल्याचं इतकं हसून लिहिलंस की मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रजई माझ्या पलंगावर आहे. सहा हिवाळे झाले.

ब्याऐंशी सालच्या जुलैत नळ गोठले होते, आठवतं? माझ्यावर तीन कांबळी होती. कांबळी जड असतात गं, ऊब देत नाहीत, नुसती दाबून ठेवतात. मी कुडकुडत पडले होते आणि पेटी पलंगापासून दोन पावलांवर. वाटलं, पोरीचं लग्न अजून कुठे ठरलंय, एक रात्र वापरली तर काय बिघडतं. सकाळी घडी घालून परत ठेवीन. सकाळी मी उठलेच नाही. चर्चची घंटा झाली, दूधवाला हाका मारून गेला. एकसष्ट वर्षांची होईपर्यंत मला माहीतच नव्हतं की हिवाळ्यात पाय आपोआप गरम असतात.

एक्केचाळीस रजया भरल्या मी. माझी नाही भरली कोणी, कारण लग्नाची सकाळ झाली नाही आणि नियम नियम असतो. तो नियम सगळ्यांना घसा ताणून सांगणारी मीच. तुला ट्रॅक्टर दाखवणारीही मीच, कारण तुझं लग्न झालं असतं तर रजई द्यावी लागली असती, आणि तू नाहीच म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. हे लिहिताना लाज वाटते. ती मी उन्हालासुद्धा घालत नाही, कोणी पाहील म्हणून. खिडक्या लावून आतल्या खोलीत खुर्च्यांवर पसरते, आणि क्लोतिल्देने दार वाजवलं की तिच्यावर मेजावरचं कापड टाकून म्हणते, कणीक फुगायला ठेवलीय. सहा वर्षं. तिला वाटत असेल, ही एकटी बाई एवढा पाव खाते तरी कुठे.

रजई तुझी आहे. काय करायचं ते सांग.

अपोलोनिया


बारिलोचे, १९ जुलै १९८८

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कचेरीत उघडलं ते चुकलंच. बटाट्यांपाशी मी इतक्या जोरात हसले की लोइझे दार उघडून बघून गेला. आणि गरम पायांपाशी आले तेव्हा तो पुन्हा आला, आणि मला त्याच्यापुढे रडावं लागलं. पथकात जाऊ पाहणाऱ्या बाईला हे शोभत नाही. तो कॉफी ठेवून गेला.

मी येत नाही. बसचं तिकीट परत केलं.

मला राग आला असेल असं तुला वाटत असेल. राग आहेच. तीन कांबळ्यांखाली तू माझ्या लहानपणापासून कुडकुडत होतीस आणि आमच्या घरात कोणाला एकदाही ते विचारावंसं वाटलं नाही, मला धरून. राग त्याचा आहे.

आता ऐक. तूच लिहिलंस की रजई देणाऱ्याने दिली की घेणारीची. मग मी देते. ही रजई आजपासून अपोलोनिया श्विंटची. लग्नाबिग्नाची अट नाही. सकाळचे नऊ वाजलेत, तेवढी सकाळ पुरे. एक पीसही काढू नकोस.

परीक्षा पुढच्या वर्षीही आहे. नोव्हेंबरात हंस पिसं टाकतील तेव्हा माझ्यासाठी वेच, मी येऊन चोचीचे चिमटे खाईन. एक वर्ष आणखी नावं टाइप केली तर काही मरत नाही मी.

तुझी,
अदेलिना


सान्ता मारिया, २८ जुलै १९८८
(बसच्या पार्सलासोबत)

अदेलिना,

दिली ना मला? माझी झाली ना? मग माझ्या रजईचं मी काय करावं हे तू कोण सांगणार.

'काही मरत नाही मी' म्हणे. तू नाही गं मरत. खिंडीत असतात ते मरतात. एक वर्ष थांबायला त्यांना सांगून ये.

मंगळवारी उसवली. क्लोतिल्देला बोलावून घेतलं, कारण चित्रातल्या भिंती एकटीने धरता येत नव्हत्या. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तरीच, तुझ्या कणकेला कधी वास येत नसे.

सॉसेजच्या काट्यावर तोलून एक किलो शंभर ग्रॅम काढली. शंभर माझ्याकडून, कारण तुझा तो लोइझे बायकांना सात अंश जास्त लागतात म्हणतो ते खरं आहे. सगळी मी पुन्हा वेचली आहेत. एक काडी टोचली तर माझं नाव बदल. कापडाला आतून कोरडा साबण घासलाय, म्हणजे पिसं बाहेर येणार नाहीत. हे तुझ्या चित्रात नव्हतं. चित्र काढणाऱ्यालाही सांग. कप्प्यात पिसं भरताना दारं-खिडक्या बंद केल्या होत्या आणि क्लोतिल्देला शिंक आली. पुढचा पाऊण तास आम्ही छतावरून पिसं गोळा करत होतो, ती खुर्चीवर आणि मी टेबलावर. दोघींचं मिळून एकशे पस्तीस वय.

मोकळी जागा सोडलेली नाही. फक्त तुझं अक्षर आहे, मोठं.

ऐक, दुकानदारापेक्षा मला जास्त कळतं. ओली करू नकोस. ओली पिसं म्हणजे ओली कोंबडी, काही उपयोग नाही. सकाळी उलटी करून वाळव. घरी आल्यावर दाबून ठेवू नकोस, खुंटीला सैल टांग. आणि आत शिरण्याआधी काहीतरी खा. रजई ऊब देत नाही, असलेली ऊब धरते, उपाशी माणसाकडे ती काय धरणार?

आणि माझी काळजी करू नकोस. साडेचार किलो दोघांसाठी होती गं. सहा वर्षं मी एक पाय बाहेर काढून झोपत होते. आता बरोबर झाली.

आत्या


बारिलोचे, २८ ऑगस्ट १९८८

प्रिय आत्या,

आधी सहा ऑगस्ट. लोइझेने बॅग टेबलावर पसरली आणि कॉफी ओतली. अर्धा पेला व्हायच्या आत बॅग वीतभर झाली. पेला संपेपर्यंत तिने साखरेचं भांडं ढकलून टेबलाच्या काठाशी नेलं. त्याने पट्टी खिशात ठेवली, आतून कापड चाचपलं आणि बोटांचा वास घेतला. "साबण?" म्हणाला. "कोणी केलंय?" म्हटलं, माझ्या आत्याने. "कुठले डोंगर चढलीय ती?" म्हटलं, तिच्या गावात सगळ्यात उंच चर्चचा मनोरा आहे आणि तिथेही ती गुडघ्यांमुळे जात नाही. त्याने बॅग स्वतःच्या हाताने गुंडाळून मला परत दिली.

आता परीक्षा. पाच उमेदवार, चार बाप्ये आणि मी. तिसऱ्या मुक्कामाला पारा उणे एकोणीसवर गेला. आमच्यात एमिलियानो नावाचा दाताचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे दुकानातली ती परदेशी बॅग होती, खुर्ची देणारी. पठ्ठ्याने ओले मोजे वाळवायला आत घेतले, तंबूची सगळी दारं लावून आत सूप उकळलं आणि वर डोकं पिशवीत घालून तिच्यातच श्वास सोडत झोपला. सकाळी त्याची पिसं लाडवासारखी गोळा झालेली. तू म्हणालीस ती ओली कोंबडी मी डोळ्यांनी पाहिली. बाकीचे तिघे रात्रभर गाणी म्हणत होते म्हणे, दात वाजू नयेत म्हणून. मला गाणी ऐकू आली नाहीत.

मी दोन सॉसेज खाऊन आत शिरले, नाडी ओढली आणि माझे पाय आत्या, माझे पाय आपोआप गरम झाले. मला तुझं पत्र आठवलं. मग काही आठवलं नाही. उजाडल्यावर लोइझेने येऊन मला बुटाने हलवलं, तेव्हा तो जरा घाबरलेला होता. गाढ झोपलेली बाई त्याने त्या उंचीवर आधी पाहिली नव्हती.

त्याच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एकेक शब्द आहे. कोणाच्या 'हट्टी', कोणाच्या 'चालेल', डॉक्टरच्या पुढे 'सूप'. माझ्या नावापुढे लिहिलंय 'झोपली'. मी विचारलं, हे पास की नापास? म्हणाला, "झोपलेला माणूस सकाळी स्ट्रेचर उचलतो. न झोपलेल्याला स्ट्रेचरवर घालावं लागतं."

मी पथकात आहे. काल पथकाची नवी यादी मीच टाइप केली, शेवटची. सहावं नाव माझं आहे.

लोइझे विचारतोय की नोव्हेंबरात तुझ्या हंसांकडे आणखी चार बॅगांची पिसं निघतील का. तो स्वतः बोलायला गावी यायचं म्हणतो. तू नाही म्हणशील असं मी त्याला सांगितलं आहे, म्हणजे तो नक्की येईल.

तुझी,
अदेलिना


सान्ता मारिया, ६ सप्टेंबर १९८८

अदेलिना, माझ्या पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा क्लोतिल्दे इथेच होती. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. 'झोपली'पाशी तिने मला पुन्हा वाचायला लावलं, आणि मग आम्ही दोघी थोड्या रडलो आणि थोडी दारू घेतली. तू काळजी करावीस इतकी नाही.

चार बॅगांची पिसं निघतील. त्या माणसाला म्हणावं, ये, पण कॉफी तुझी तू आण. इथे ती पट्टीबिट्टी काढलीस तर हंस सोडीन अंगावर.

परवा ऊन पडलं, वाऱ्याचं नाव नव्हतं. मी रजई उचलली, पुढच्या दाराने बाहेर आणली आणि रस्त्याकडच्या दोरीवर टाकली. भरतकाम बाहेरच्या बाजूला. मग खुर्ची घेऊन शेजारी बसले. रविवारची प्रार्थना सुटली होती, सगळं गाव समोरून जात होतं. एकेकीचे पाय थांबायला लागले. या सगळ्यांच्या रजया मीच भरल्यात, आणि त्यांना आकडा पाठ आहे.

शेवटी एलेउतेरिओची बहीण फाटकाशी आलीच. म्हणाली, "अपोलोनिया, कोणाची गं ही?"

मी म्हटलं, "माझी."

"अगंबाई! आणि नवरा?"

म्हटलं, "सापडला तर त्यालाही घालीन उन्हात."

आत्या